टोपणाची गाठ

सुक्या कचऱ्याच्या केंद्रात, काच निवडायच्या टेबलापाशी काचमावशीचा शब्द शेवटचा. घरोघरच्या बाटल्या-बरण्या गाडीतून यायच्या, मावशी त्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायची, आणि एखादी खरकटी निघाली की तिचं डोकं फिरायचं. "अहो, एका बरणीतलं तेल अख्ख्या खोक्याला माखतं! मग ती काच भट्टीवाले घेतात होय? जाते सरळ उकिरड्यावर!" चुकणाऱ्या घरी जाऊन समजावून सांगण्याचं कामही तिचंच. तिला गल्लीत शिरताना पाहून लोक घाईघाईने नळाखाली बरण्या धरायचे.

त्या सकाळी शेजारच्या टेबलावरची, टोपणं वेगळी करणारी बाई वैतागून आली.

"मावशी, तळ्याकडच्या गल्लीत कोण शहाणं राहतं हो? बरणी लख्ख धुतलेली, पण टोपण गळ्यात दोऱ्याने बांधलेलं! रोजचीच कटकट. गाठ सुटत नाही, कात्रीच घ्यावी लागते."

"आण इकडे. बघते त्या शहाण्याकडे."

मावशीने बरणी घेतली आणि गाडीवाल्या काकांना हाक मारत मारत, न बघताच, गाठ सोडली. दोरा सरकन हातात आला.

"अगं बाई! तुम्हाला कशी सुटली?"

मावशी हातातल्या दोऱ्याकडे बघतच राहिली. ही तर आईची गाठ. घरात दोन पोरी, टोपणं कायम हरवायची, म्हणून आई धुतलेल्या बरणीच्या गळ्यातच टोपण बांधून ठेवायची. वरून ओढा नाहीतर डोकं आपटा, गाठ ढिम्म हलायची नाही, पण आतलं टोक खाली खेचलं की मोकळी. ती खुबी आईने फक्त दोघी लेकींना दाखवली होती.

आई गेली त्या वर्षी, आजारपणात कोण जास्त राबलं यावरून दोघी कडाकडा भांडल्या. "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही," हे मावशीच म्हणाली होती. धाकटी पत्ता न ठेवता निघून गेली. रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य मावशीला तेव्हापासून खात होतं, पण माफी मागायची तर कुठे जाऊन मागायची?

"काका," ती म्हणाली, "मला तळ्याकडच्या गल्लीत सोडा. तक्रार आहे."

काकांनी दाखवलेल्या दारापुढे ती बरणी छातीशी धरून उभी राहिली, आणि भल्याभल्यांची दारं ठोकणाऱ्या बाईचा हात कडीपाशी अडखळला. धाकटीने तोंडावर दार लावलं तर?

तेवढ्यात आतूनच दार उघडलं. धाकटीचे केस पांढरे झाले होते. नाक मात्र तेच, आईचं.

मावशीला दुसरं काही सुचेना, म्हणून पाठ झालेलं भाषणच बाहेर पडलं. "नमस्कार. केंद्रातून आलेय. टोपण बांधून देऊ नये. काच वेगळ्या भट्टीत जाते, पत्रा वेगळ्या. दोन्ही सुटी आली तरच त्यांचं पुन्हा काही..." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मठ्ठच आहेस गं ताई," धाकटी म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "इथे राहायला आले त्याच आठवड्यात केंद्राच्या फाटकातून पाहिलं तुला, कुणालातरी झापत होतीस. आत यायची हिंमत झाली नाही. म्हटलं, गाठ तरी ओळखशील. रोज एक बांधतेय!"

"माझ्या हातात आजच आली गं. बाकीच्या त्या बयेने कापून टाकल्या." मावशीने पदराने नाक पुसलं. "चुकलं माझं. तेव्हा जे बोलले ते... फार चुकलं."

"माझंही काही कमी नव्हतं. आधी आत ये."

चहा झाला, आईची आठवण झाली, रडून झालं, तेव्हा बाहेर काकांनी गाडीचा भोंगा वाजवला. उठता उठता मावशीने ओट्यावर वाळत घातलेल्या बरण्यांकडे पाहिलं.

"आता टोपणं वेगळी देत जाईन," धाकटी शहाण्या मुलीसारखी म्हणाली.

"सगळी देऊ नकोस," नियमाला एवढी पक्की असलेली काचमावशी चपला घालत म्हणाली. "आठवड्याला एक बांध. चुकलेल्या घरीच जाता येतं मला कामाच्या वेळात."