बॅटरीचे पाणी

"कापसाच्या गाडीत ही पेटी मी ठेवत नाही, बाई," रहेमतुल्ला म्हणाला आणि पेटीवरचा हात त्याने उचलला नाही.

त्या दुपारी माझी कापसाची गाडी वडनेरहून खामगावला निघत होती. पेटी तीतून न्यावी असे मी आपण होऊन सुचवले होते. हा मनुष्य ते नाकारून भाड्याच्या छकड्यातून जाणार होता. मनकर्णाबाईंनी, म्हणजे मी, देऊ केलेली गोष्ट या गावात सहसा कोणी नाकारीत नसे. त्याने नाकारली, तेव्हाच मी मनात खूण बांधली.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षे झाली होती. ग्रामपंचायतीला रेडिओ मिळाला होता, पण गावात वीज नव्हती. चावडी गळकी, म्हणून तो रेडिओ आमच्या ओसरीवर ठेवला होता आणि एका धोंड्यासारख्या जड बॅटरीवर चालत होता. बॅटरी बसली की खामगावहून रहेमतुल्ला येई. तेथे एका जिनिंग कारखान्याच्या मागे त्याची शेड होती. जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या फोडून तो त्यांतल्या शिशाच्या पट्ट्या वितळवी, नव्या ओती आणि निकामी झालेली बॅटरी पुन्हा उभी करी. आमच्यासह चार गावांचे काम त्याच्याकडे होते. परदेशी माल येणे घटल्यापासून शिशाला फार मागणी आली होती, आणि शिसे हाताळणाऱ्या कोणावर विश्वास ठेवावा असे मला वाटत नव्हते. त्यातून त्याचा सदरा. पोटापासून खाली त्याची चाळण झालेली असे. चार गावांचे काम असलेला मनुष्य असा सदरा घालून हिंडतो, तो लोकांनी कीव करावी म्हणूनच, असे माझे मत होते.

म्हणून या खेपेस मी तयारीत होते. तो येण्यापूर्वीच गोजरबाईकडून धान्याच्या काट्यावर बॅटरीचे वजन करवून घेतले होते. गोजरबाई आमच्याकडे वीस वर्षे कामाला होती आणि तिची मापे चुकत नसत. बॅटरी सोळा शेर भरली.

रहेमतुल्लाने बॅटरी परसात नेली. गोजरबाईला, इतकेच काय कोंबड्यांनाही, त्याने तेथून हाकलले. आतले पाणी त्याने काचेच्या बरणीत काढले, बरणी राख आणि गवत घालून एका पेटीत बसवली, रिकामी बॅटरी दुसऱ्या पेटीत ठेवली. ती पेटीतून काढायला लावून मी पुन्हा काट्यावर चढवली. साडेबारा शेर.

साडेतीन शेर कुठे गेले, असे मी विचारले. भरलेली बॅटरी रस्त्याने हिंदकळते, म्हणून पाणी काढले, असे तो म्हणाला. किती काढले? आपल्या ओसरीवरच्या लोट्याने तीन लोटे धरा, म्हणाला. मी विहिरीचे पाणी मागवले आणि त्याच लोट्याने तीन लोटे मोजून काट्यावर ठेवले. बरोबर तीन शेर भरले. अर्ध्या शेराची तूट सर्वांसमक्ष उघड झाली.

"बॅटरीचं पाणी जड असते, बाई."

"पाणी पाण्याहून जड कसं असन?"

"ते पाणी नाही."

"आत्ता तं तूच पाणी म्हणला."

"धंद्यात म्हणतेत तसं. तेजाब हाये त्यात."

गाडीजवळ जमलेले लोक हसले. मग पेटी उघडून दाखव, असे मी फर्मावले. तो म्हणाला, दाखवतो, पण इथे नाही. बाजूला कापूस आहे, लेकरे आहेत. ज्या वस्तूला दाखवायला जागा लागते ती वस्तू मला ठाऊक आहे, असे मी म्हणाले. त्याच्या नमाजेची वेळ झाली होती. विहिरीवर हातपाय धुऊन तो लिंबाखाली गेला. मी गाडीवानाला गाडी हाकायला सांगितले, आणि लोक पांगले.

जे मी पुढे केले ते दुसऱ्या कोणी केले असते तर त्याला मी दारात उभे केले नसते. तो सिजद्यात वाकलेला असताना मी पेटी उघडली. बरणीचे रबरी बूच मेणाने बंद केलेले होते. मी ते पिरगाळून काढले. आत पाण्यासारखे पाणी होते. तळाशी शिशाचे तुकडे असतील म्हणून तुरीची लांब काडी घालून चाचपले. चार थेंब मांडीवर उडाले, ते काडीबरोबर पदरानेच पुसले. शिसे नव्हते. पण तेवढ्याने माझा संशय फिटला नाही. त्याने ते आणखी हुशारीने लपवले आहे, एवढेच माझ्या लेखी सिद्ध झाले. बूच दाबून बसवले, गवत पूर्ववत केले आणि तो येण्यापूर्वी ओसरीवर जाऊन बसले.

सरपंच इंद्रभान माझा पुतण्या. त्याला मी संध्याकाळीच सांगितले की, हे काम दुसऱ्याला द्यावे.

"काकू, त्याच्या हातची बॅटरी वर्षभर टिकते," तो म्हणाला. "तुमी पाह्यलं काय त्याले चोरताना?"

"काट्यानं पाह्यलं," मी म्हणाले.

इंद्रभानने काम काढून घेतले. आठवडा संपायच्या आत बाकीच्या तीन गावांनीही त्याला तसेच कळवून टाकले. माझा शब्द तेवढ्या लांब जात असे.

पण त्याआधीच, तिसऱ्या दिवशी, गोजरबाई धुणे घेऊन परत आली आणि माझे नऊवारी तिने दोन्ही हातांनी उजेडात धरले.

"मोठ्या बाई, इतके उंदीर तं आपल्या घरात नाहीत."

पदर आणि मांडीवरचा घोळ यांची चाळण झाली होती. भोकांच्या कडा काजळल्या नव्हत्या. कापड नुसते विरघळून गेले होते. धुवेपर्यंत त्याने दम धरला, पाणी लागताच सुटले. अशी भोके मी पूर्वी कोठे पाहिली होती, हे मला कोणी सांगावे लागले नाही. ते लुगडे मी घडी करून ट्रंकेत ठेवले. गावोगाव निरोप जात होते तेव्हा ते ट्रंकेतच होते, आणि मी गप्प होते.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी खामगावला गेले. शेडमधली भट्टी थंड होती. रहेमतुल्ला बाजेवर बसला होता, उजवा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत फडक्यात गुंडाळलेला. त्याची बायको बिलकिस हिने मला पाटही दिला नाही. वाटेत बरणीचे बूच सुटले, तेजाब पेटीतून गळून यांच्या पायावर आले, असे ती म्हणाली. नांदुऱ्यापर्यंत धुवायला साधे पाणी मिळाले नाही. मग माझ्याकडे रोखून पाहत ती म्हणाली, "यायच्या हातचं बूच आजपावतर कधी सुटलं नाही."

"रस्ता खराब होता," रहेमतुल्ला म्हणाला.

मी पिशवीतून लुगडे काढले आणि बाजेवर ठेवले. त्याने पदर उलगडला, भोकांवरून बोट फिरवले, मग वर पाहिले.

"तुमच्या हाताले तं काही झालं नाही ना?"

"नाही."

"डोये?"

"नाही."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला आणि लुगड्याची घडी घालून त्याने ते माझ्या हातात दिले.

मी म्हणाले, "पाय बरा झाला की गाडी पाठवतो. रिकामी."

"हाव. पण बूच मले लावू द्या, बाई."

इंद्रभानने काम परत त्याच्याकडे दिले. बाकीच्या तीन गावांना मी स्वतः निरोप धाडले. एक गाव वळले, दोन वळली नाहीत. आपला शब्द लांब जातो याचा मला अभिमान होता. तो तितक्या लांबून परत आणता येत नाही, हे मला माहीत नव्हते.

रहेमतुल्ला लंगडत आमच्या दारात उतरला, त्या दिवशी मी ट्रंकेतून तेच लुगडे काढून नेसले आणि भरल्या गावातून चावडीपर्यंत चालत गेले. बायका भोकांकडे पाहून एकमेकींच्या कानाशी लागल्या. मोठ्या घराला उतरती कळा लागली, असे कोणी म्हणाले असेल. कीव यावी म्हणून नेसली, असेही कोणी म्हणाले असेल. मी पदर सावरला नाही.