विरोधात एक

लघुलेखिकेचा हात त्या दुपारी थांबतच नव्हता. अकरा वर्षं ती सभागृहात आमदारांची भाषणं टिपून घेत होती, पण असा गलका तिनं कधी ऐकला नव्हता. बाहेर फाटकाशी हजारो लोक जमले होते. एका आठवड्यात पाव दुप्पट महागला होता, कारखान्यांना टाळं लागलं होतं आणि वर्षात दोन सरकारं आपसात भांडून पडली होती. गर्दीचं एकच म्हणणं होतं : निवडणुका बंद करा, सगळी सत्ता सरसेनापतींना द्या.

त्या गर्दीत तिचा धाकटा भाऊही होता. फिटर, आठ महिने घरी बसलेला. सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट चढवून निघताना म्हणाला, "ताई, आज काहीतरी होणार. नुसत्या चर्चेनं कुणाचं पोट भरलंय?"

खरं तर एकदाचं काहीतरी होऊ दे, असं तिलाही वाटत होतं.

ठराव आला. भराभर हात वर गेले. एक म्हाताऱ्या आमदार डॉक्टरीणबाई तेवढ्या उभ्या राहिल्या. "उद्या सरसेनापतींचं चुकलं, तर त्यांना खाली कोण उतरवणार?"

बाकं बडवली गेली. सभापती म्हणाले, "बाईंचं बोलणं वगळा. ठराव एकमतानं मंजूर."

तिनं क्षणभर विचार केला आणि लिहिलं : विरोधात एक. सभापतींचा हुकूमही लिहिला. संध्याकाळी तिच्या कचेरीतल्या साहेबांनी ते खोडायला सांगितलं. ती नाही म्हणाली आणि पिशवी उचलून घरी आली.

गल्लीत नुसता जल्लोष होता. भावानं तिला उचलून गरकन फिरवलं. तिसऱ्या आठवड्यात कारखान्याचा भोंगा वाजला, तेव्हा माणसं अर्धा चहा टाकून पळाली. पावही स्वस्त झाला. "बघ, तू उगाच नोकरी घालवलीस," भाऊ म्हणाला. तिला हसू आलं.

पाचव्या महिन्यात पगार निम्मा झाला. भाऊ चाळीस जणांना घेऊन मॅनेजरकडे विचारायला गेला. पोलिसांनी सगळ्यांना फाटकातूनच उचललं.

तुरुंगाच्या जाळीपलीकडून तो घाईघाईनं म्हणाला, "ताई, आपल्या आमदाराला जाऊन भेट. तो सोडवेल."

"आमदार कुठे राहिलेत आता?"

सात आठवड्यांनी तो सुटला. कारखान्यात त्याच्या जागी दुसरा फिटर लागला होता.