अंगणातली खाट

सोसायटीच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं आणि वर ठळक मथळा, 'उन्हाळ्यातील नियम'. गाड्या पाइपने धुऊ नयेत. वाळलेला पाला जाळू नये. इमारतीच्या दर्शनी बाजूला एसीची यंत्रं बसवू नयेत. अंगणात खाटा, खुर्च्या, गाद्या टाकू नयेत. ही पाटी सेक्रेटरींनी स्वतः शेजारी उभं राहून रंगवून घेतली होती. तिच्यावर कावळा बसला तरी त्यांचा पारा चढायचा.

आणि नेमकी त्या पाटीसमोर, झाडाखाली, आठवडाभर एक लोखंडी खाट ठाण मांडून बसली होती.

खाट तळमजल्यावरच्या घड्याळकाकांची. काका घरीच घड्याळं दुरुस्त करायचे. दिवस वर आला की त्यांची बायको खाटेवर येऊन पडायची. तिला सगळे काकू म्हणत. काका तिच्या पायथ्याशी बसून, मांडीवर पाट घेऊन, डोळ्याला भिंग लावून काम करायचे. वाऱ्याने बारीक स्क्रू उडाला की खाली वाकून मातीत शोधत बसायचे.

आता, आजारी बाई आपलं घर सोडून दिवसभर अंगणात का झोपते, हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता. एवढ्या इमारतीत कुणालाच पडला नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, फाटकापाशी बोलणं एकच होतं, की पाहुणे येतात-जातात, कसं दिसतं ते! शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं ही. सांगतानाही राग येतो.

सेक्रेटरींकडे त्या दिवसांत त्यांची थोरली बहीण राहायला आली होती. या ताईंनी उभी हयात इस्पितळात वॉर्ड सांभाळला होता आणि बोलायला त्या कुणाच्या बापाला भीत नव्हत्या. दुपारी जेवताना सेक्रेटरी म्हणाले, "उद्या ती खाट उचलतोच. बास झालं."

"कोण झोपतं रे तिच्यावर?"

"तळमजल्यावरच्या काकू. हृदयाचं काहीतरी आहे म्हणे."

"मग घरात का नाही झोपत?"

"मला काय ठाऊक? नियम म्हणजे नियम, ताई. आज एकाची खाट, उद्या दुसऱ्याची गादी, परवा अंगणाचा धोबीघाट होईल."

"अरे, दुखणाईत बाई चारचौघांसमोर हौसेने आडवी पडते का? येणारा-जाणारा टकामका बघतो. तुला चालेल तसं? विचारलंस का तिला कधी?"

"मी सेक्रेटरी आहे, डॉक्टर नाही."

"विचारायला डॉक्टर लागत नाही. तोंड लागतं," ताई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या. खोलीत एसी चालू होता, पडदे ओढलेले होते, आणि सेक्रेटरींनी पायांवर पांघरूण घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते खाली उतरले. वॉचमनला म्हणाले, "उचल ती खाट. आत नेऊन टाक."

वॉचमन जागचा हलला नाही. "काकू झोपल्यात, साहेब. मी नाही हात लावायचो. काढा हवं तर कामावरून."

सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सरक बाजूला," म्हणत त्यांनी बाह्या वर केल्या. वरच्या गॅलऱ्यांमध्ये डोकी दिसायला लागली. बघायला सगळे होते. एकजण जरी खाली आला असता, एकाने जरी 'अहो, राहू द्या' म्हटलं असतं, तर पुढचं टळलं असतं. पण सगळे मूग गिळून उभे.

"काका, उठवा काकूंना. खाट आत न्यायचीय."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "संध्याकाळी नेतो हो, साहेब. जरा ऊन उतरू दे."

"रोज हेच ऐकतोय. आत्ता."

काकूच उठल्या. "अहो, राहू दे. वाद नको," म्हणत झाड धरून, मग भिंत धरून, हळूहळू घराकडे चालायला लागल्या. काकांनी खाटेचं एक टोक धरलं, दुसरं सेक्रेटरींनी. इतक्या वर्षांत सेक्रेटरी त्या घराचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडत होते.

आत पाऊल टाकलं आणि ते थबकले. बाहेर ऊन होतं, पण इथे भट्टी होती. भिंतीला हात टेकला तर भिंत गरम. खाट खाली ठेवेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला.

"पंखा तरी लावा," ते धापा टाकत म्हणाले.

"चालूच आहे," काका म्हणाले.

"मग खिडकी उघडी का टाकलीत? गरम हवा सगळी आत येतेय. लावून घ्या की."

"तुम्हीच लावा."

त्या खोलीला खिडकी एकच, आणि ती उघडत होती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या दोन भागांमधल्या अरुंद मोकळ्या जागेत. सेक्रेटरी खिडकीशी गेले आणि तोंडावर असा झोत आला की त्यांनी मान फिरवली. मग डोळे बारीक करून वर पाहिलं. पार गच्चीपर्यंत एकावर एक एसीची यंत्रं घरघरत होती. दर्शनी बाजूला नकोत ना, मग सगळ्यांनी ती इथे, मागे, कुणाला दिसणार नाहीत अशी लावली होती. प्रत्येक घरातली गरमी त्या डक्टमध्ये येत होती आणि तिथून काकूंच्या खोलीत.

सगळ्यात खालचं यंत्र अगदी खिडकीच्या डोक्यावर होतं. त्याच्यावर पत्र्याचं छोटं छप्पर होतं. ते छप्पर सेक्रेटरींनी ओळखलं. यंत्र खराब होऊ नये म्हणून त्यांनीच ते हौसेने बसवून घेतलं होतं. त्या छपराने वरची वाट अडवली होती, आणि यंत्राचा सगळा झोत सरळ खाली खिडकीत उतरत होता.

त्यांनी घाईघाईने खिडकी लावली. झोत थांबला, पण आता श्वासच घेववेना.

"गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आलो होतो," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही दारातच म्हणालात, खिडकी लावून घ्या. लावली. त्याच दिवशी हिला पहिली चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, उकाड्यात ठेवू नका, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. म्हणून ती खाट बाहेर."

सेक्रेटरींना आठवलं. त्या दिवशी दार उघडं राहिलं म्हणून गारवा जातोय, याचीच त्यांना चिंता होती.

काकू खाटेवर बसल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते. तरी म्हणाल्या, "दमलात तुम्ही, साहेब. बसा. पाणी..." आणि वाक्य अर्धं टाकून त्या एका अंगावर कलंडल्या.

"अगं!" काकांनी पुढे होऊन त्यांना सावरलं.

दारात ताई उभ्या होत्या. भाऊ खाली उतरल्यावर त्याही मागोमाग आल्या होत्या. त्यांनी काकूंचं मनगट धरलं, पापणी वर करून पाहिली. "खाट बाहेर. आत्ताच्या आत्ता. बघत काय राहिलायस, धर!"

जी खाट दरडावून आत आणली होती, तीच सेक्रेटरींनी धावत बाहेर नेली, काकूंसकट. वॉचमनने दुसरं टोक धरलं. ताई ओले पंचे मानेला, काखेत लावत होत्या, काका वारा घालत होते. सेक्रेटरींनी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग गॅलऱ्यांकडे तोंड करून इतक्या जोरात ओरडले की आवाज फाटला.

"बंद करा! सगळ्यांचे एसी बंद करा! आपण मारतोय त्या बाईला!"

काकू वाचल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी काकांना बजावलं, की आणखी थोडा वेळ त्या खोलीत गेला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं.

त्याच संध्याकाळी अंगणात सगळे जमले. मधे ती रिकामी खाट. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पण यंत्रं पुढे लावली तर इमारतीची शोभा जाईल. आणि नियम तुम्हीच केलाय, सेक्रेटरी."

"हो, मीच केला, आणि करताना डोकं गहाण टाकलं होतं. कसली शोभा, वकीलसाहेब? आत एक बाई भाजून निघत होती आणि आपण बाहेरून भिंत गोरीगोमटी दिसते का ते बघत होतो!"

"पण माझ्या एकटीच्या एसीने असं काय होतं?" एक बाई पुटपुटल्या.

ताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं हेच म्हणणं आहे, बाई, म्हणून तर झालं. तुमच्या खोलीतली गरमी यंत्र बाहेर फेकतं. ती विरून जात नाही, कुठेतरी जाते. कचरा शेजारणीच्या दारात लोटला तर तुम्हाला लाज वाटेल ना? मग हे काय वेगळं आहे? गारवा घ्या, जरूर घ्या. पण आपली गरमी कुठे जाते, ते ज्याचं त्याने बघायचं."

वकिलांनी घसा खाकरला. "ठीक आहे, पुढच्या बैठकीत ठराव करू."

"पुढची बैठक काकांच्या त्या खोलीत घेऊ," सेक्रेटरी म्हणाले. "दुपारी, खिडकी लावून आणि एसी चालू ठेवून. ज्याला शोभेवर बोलायचंय, त्याने तिथे बोलावं."

त्यानंतर शोभेचं नाव कुणी काढलं नाही.

डक्टमधून पहिलं यंत्र हललं ते सेक्रेटरींचं. ते आता फाटकातून शिरताच समोर दिसतं, आणि दिसतं ओबडधोबडच. बाकीची हलायला वेळ लागला. एकाची कुरकुर, दुसऱ्याची टाळाटाळ. सेक्रेटरी रोज संध्याकाळी दारोदार जाऊन भांडले. रागीट माणूस तो, राग काही कुठे गेला नाही. फक्त पूर्वी तो खाटेवर निघायचा, आता जिथे निघायला हवा तिथे निघायला लागला. तोवर काकूंची खाट झाडाखाली होती, आणि कुणाची टाप नव्हती तिच्याकडे वाकडं बघायची.

एका सकाळी अंगणात खाट दिसली नाही. सेक्रेटरी तसेच अनवाणी तळमजल्याच्या दाराशी गेले. काका खिडकीशी बसून काम करत होते. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता, आणि काकू आपल्या घरात, आपल्या खाटेवर गाढ झोपल्या होत्या. सेक्रेटरी पावलं न वाजवता परत फिरले.

मग त्यांनी यंत्रावरून काढलेलं ते पत्र्याचं छप्पर ठोकून सपाट केलं आणि फाटकाजवळच्या पाटीच्या वर जोडलं. त्यावर आता पहिला नियम आहे, 'आपली गरमी दुसऱ्याच्या घरात सोडू नये.' दर्शनी बाजूच्या एसीचा नियम पुसलाय आणि खाटेचा खोडून टाकलाय. तो खोडल्याची रेघ मुद्दाम दिसेल अशी ठेवलीय.

वाचकहो, सेक्रेटरींना नावं ठेवून मोकळं होऊ नका. नियम शेजाऱ्याला सुखाने राहता यावं म्हणून असतात. कोणी नियम मोडताना दिसला, तर त्याला दटावायच्या आधी त्याच्यावर ती पाळी का आली हे विचारणं, एवढं तरी नागरिक म्हणून आपल्याला जमायला हवं. तुमच्या इमारतीलाही डक्ट असेल, आणि त्याच्या तळाशी कुणाची तरी खिडकी असेल. एकदा खाली जाऊन, त्या घरात बसून बघा. पण दुपारी जा. संध्याकाळी काही कळत नाही.