पेटीतला सगळ्यात देखणा बिट

मित्रांनो, मी एक जुना राउटर बिट आहे. इंटरनेट देणारा राउटर तुमच्या घरी असेल, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. लाकडाची कड कापून तिला आकार देणारं, गरगर फिरणारं एक यंत्र असतं, त्यालाही राउटर म्हणतात. मी त्याचं कापणारं टोक; यंत्राच्या तोंडात मला घट्ट बसवतात. माझा आकार म्हणाल तर मोठा झोकदार. दोन वळणं आणि मध्ये नाजूक पायरी. कारखान्यात माझ्या बारीक दांडीवर धारदार पाती बसवली, मला चकचकीत केलं आणि बिटांच्या एका मोठ्या पेटीत मधोमध ठेवलं. आजूबाजूच्या साध्यासुध्या बिटांकडे मी ढुंकूनही पाहत नसे. आज ते आठवलं की मान खाली जाते.

एक दिवस आमच्या हत्यारांच्या दुकानात एक काका आले. त्यांचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, नजर हळूहळू जात चालली होती. काकांनी किती भिंगं बदलून पाहिली, पण एकाही भिंगाचा उपयोग होईना. घरातल्या लांब बोळातून ताई भिंत चाचपत चालत. एकदा पडल्याही. तेव्हा काकांनी ठरवलं, बोळाच्या भिंतीला धरायला लाकडी कठडा करायचा, आणि तोही स्वतःच्या हातानं.

दुकानदार बाईंनी विचारलं, "काका, काम काय करायचंय?"

"बरंच काही," काका ऐटीत म्हणाले.

"सुरुवातीला चार बिट पुरतात. सरळ खाच पाडणारा, कड गोल करणारा, कड तिरकी कापणारा आणि दोन फळ्यांच्या कडा एकसारख्या करणारा. जाड दांडीचे घ्या, थरथरत नाहीत. पुढचे कामाप्रमाणे घ्या."

पण काकांची नजर माझ्यावर खिळली होती. "छे हो! मला ही अख्खी पेटी द्या," ते म्हणाले. मी मनात फुलून गेलो.

घरी आल्यावर काकांनी मलाच यंत्रात बसवलं. हळूहळू, थोडं थोडं कापायचं असतं. पण काकांनी कापाची सगळी खोली एका दमात गाठायचं ठरवलं. मी थरथरू लागलो. लाकूड कुठे करपलं, कुठे त्याच्या रेषांच्या उलट दिशेनं कापल्यानं तडकून ढलप्या उडाल्या. काकांनी वरवर घासलं आणि चकाकीसाठी व्हार्निशचे दोन हात मारले. कठडा भिंतीवर चढला. शेजारीण येऊन वा वा करून गेली. काका खूश, आणि मी तर हवेतच!

पण थोड्याच दिवसांत काकांच्या लक्षात आलं, की ताई कठड्याच्या बाजूनं चालतच नाहीत. त्या समोरची भिंत चाचपत जातात.

"ताई, अगं कठडा इकडे आहे."

"माहीत आहे रे. सवय नाही झाली अजून."

काकांना शंका आली. त्यांनी ताईंचा हात धरून उजेडात उलटा केला. तळव्यात लाकडाची बारीक बारीक कुसळं रुतली होती, एक जागा तर लाल होऊन सुजली होती. चष्म्याचे स्क्रू उचलायचा चिमटा घेऊन काका ती काढू लागले.

"बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं केलंस. म्हटलं, कशाला उगीच तुझं मन मोडा." मग जरा थांबून ताईंनी विचारलं, "पण दिसायला छान आहे ना रे? शेजारीण सांगत होती."

मी तिथेच टेबलावर पडलो होतो. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ज्या नक्षीवर मी एवढा मिरवत होतो, ती ताईंना दिसणारच नव्हती. त्यांना फक्त टोचली होती.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा दुकानात गेले. "त्या दिवशी तुमचं ऐकलं नाही," ते खाली बघत म्हणाले, आणि या वेळी त्यांनी सगळं खरं काम सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी जाड दांडीचे चारच बिट काढून दिले. त्यातला कड गोल करणारा बिट हाताच्या मुठीला शोभेल अशा मोठ्या गोलाईचा होता. "आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा," त्या म्हणाल्या.

काकांनी तसंच केलं. बरेच तुकडे वाया घालवले, मगच चांगल्या फळीला हात लावला. तो नवा बिट अगदी साधा. ना वळण, ना पायरी. पण त्यानं शांतपणे, थोडं थोडं कापत लाकूड असं गोल केलं, की बोट कुठे अडेना.

नवा कठडा बसला त्या सकाळी ताई हात ठेवून निघाल्या. आधी बिचकत, मग भराभर. दाराशी पोचून त्यांनी विचारलं, "एवढी लांब फळी मिळाली कुठे?"

"एक नाही गं, दोन आहेत. मध्ये जोड आहे."

"हो? मला नाही लागला." आणि तो शोधायला ताई पुन्हा उलट चालू लागल्या.

मित्रांनो, मी अजून पेटीतच आहे. धारेवर लाकडाचा चीक वाळून काळा झालाय, दांडीवर गंज चढतोय. काकांवर माझा राग नाही. एवढंच मागणं आहे, की काम झाल्यावर आम्हाला पुसून ठेवत जा. आणि दुकानात माझ्यासारखा देखणा कुणी भुलवू लागला, तर जरा थांबा. तुम्ही कराल त्या वस्तूवर कुणाचा हात फिरणार आहे, ते आधी आठवा.