गाथोनीच्या पायाखालचा नमदा

मित्रांनो, मोटार बघताना तुम्ही तिचा रंग बघता, चाके बघता, फार तर आत डोकावून सीट बघता. गालिचा उचलून त्याच्या खाली कोण निजले आहे, हे कोणी बघत नाही. मी तिथला. मी एक जुना नमदा आहे, लोकर दाबून केलेला, बोटभर जाड, राखाडी रंगाचा. माझ्या एका कोपऱ्यावर सुकलेला तपकिरी डाग आहे. तो चहाचा असता तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो.

माझा जन्म नैरोबीतला. जुन्या कपड्यांच्या बाजारात जे स्वेटर कोणी फुकटसुद्धा उचलत नाही, ते पिंजून, दाबून आमच्यासारखे पट्टे काढतात. माझ्यात किती जणांचे स्वेटर आहेत हे मलाही ठाऊक नाही. पलीकडच्या गल्लीत ओविती नावाचा कारागीर गाड्यांच्या सीट शिवायचा. त्याने मला विकत घेतले आणि गुंडाळी करून भिंतीला टेकवून ठेवले.

एके सकाळी लिमुरूहून मुचिरी काका आले. जन्मभर त्यांनी चहाच्या कारखान्यात यंत्रे सांभाळली होती. लांब सळईचे एक टोक यंत्राला आणि दुसरे कानाला लावून ते आतले दुखणे सांगत, आणि त्यांचे निदान चुकत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लाल, बुटकी, दोघांपुरती शर्यतीची गाडी घेतली. तिच्यातून बाहेर यायला काकांना दाराचा आधार घ्यावा लागे, म्हणून सगळा गाव हसला. सर्वांत जास्त हसली त्यांची बायको गाथोनी.

अशा गाड्या हलक्या राहाव्यात म्हणून त्यांना आतून अस्तर फारसे घालत नाहीत. चाके रुंद, स्प्रिंगा कडक. खडीच्या रस्त्यावर ती पळू लागली की आत पिठाच्या गिरणीत बसल्यासारखे वाटे. काकांना त्याचे काही नव्हते. अडचण गाथोनीची होती. तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. पूर्वी चर्चमध्ये गाण्याची पहिली ओळ तीच उचलायची. आता तिचा आवाज दोऱ्याएवढा बारीक उरला होता.

दर दुसऱ्या रविवारी दोघे घाट उतरून नैवाशाला लेकीकडे जात. वाटेत गाथोनी काही बोले. काका विचारीत, "काय?" ती पुन्हा बोले. ते पुन्हा विचारीत. तिसऱ्या वेळी ती म्हणे, "काही नाही." मग पुढचा सगळा रस्ता दोघे गप्प.

"मला तिचं बोलणं ऐकायचंय," काकांनी ओवितीला सांगितले. "दाराचं रबर बदललं, टायर बदलले, काही फरक नाही. आता काय करायचं ते तू कर."

ओविती म्हणाला की काका शर्यतीच्या गाडीची बैठकीची खोली करायला निघाले आहेत. पण काम त्याने जीव लावून केले. सीट काढल्या, गालिचा सोलून काढला, उघड्या पत्र्यावर डांबरी पट्ट्या गरम करून चिकटवल्या. चाकांच्या वरचे पोकळ भाग भरले. मग मला कापून सगळीकडे अंथरले आणि माझ्या अंगावर पुन्हा गालिचा घातला. माझा सर्वांत मोठा तुकडा डाव्या बाजूला, गाथोनीच्या पायाखाली आला.

चावी देताना ओविती एवढेच म्हणाला, "काका, आता गाडीचं काही बिघडलं तर आतून लवकर कळायचं नाही. महिन्यातून एकदा चाकं उचलून, हाताने फिरवून बघत जा." काका हसले. मुचिरीला यंत्र ऐकायला शिकवणारा अजून जन्मायचा होता.

पहिल्या रविवारी घाटात गाथोनी म्हणाली, "अहो, बटाट्याच्या पिशव्या येताना घेऊ, जाताना नको." काका लगेच म्हणाले, "बरं." एवढेच. पण नंतर बराच वेळ दोघे हसत होते. मला वाटले, माझ्यातल्या एकूण एक स्वेटरचे चीज झाले.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. गाथोनी गाडीत बसली की बूट काढून पाय माझ्यावर टेकवी आणि बोलत सुटे. चर्चच्या गाण्यात नवी बाई कुठे घसरते, शेजारणीच्या गाईने कोणाच्या शेतात तोंड घातले, नैवाशाची लेक फोनवर हसली तरी कशी दमलेली वाटली. काका ऐकत आणि मध्येच चिडवीत, "इतकी वर्षं हे सगळं कुठं ठेवलं होतंस?" पाहुण्यांना ते मुद्दाम फिरवून आणीत आणि गालिच्यावर थाप मारून माझे कौतुक करीत. मी फुगून गेलो. रस्ता जे काही पाठवेल ते गिळायचे, हेच माझे काम, असे मी धरून चाललो.

मग एका रविवारी पुढच्या डाव्या चाकातून एक नवी घरघर आली. ती खडीची नव्हती. चाकाच्या आतले बेअरिंग झिजू लागले होते. मला ती स्पष्ट कळली, आणि मी तीसुद्धा गिळली.

पण तळपायाला कळायचे ते कळलेच. "अहो," गाथोनी म्हणाली, "माझ्या पायाखाली काहीतरी घुरघुरतंय."

काकांनी मान तिरकी करून ऐकले. "काही नाही. मला आलं असतं की ऐकू."

पंधरा दिवसांनी तिने पुन्हा सांगितले. काकांनी कारखान्यातल्या पंख्याची गोष्ट काढली. त्याचे बेअरिंग जाणार हे त्यांनी आठवडाभर आधी सांगितले होते. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "गाडी शांत केली तर तुला भुतं ऐकू यायला लागली." ती थोडी हसली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिचा शब्द न् शब्द त्यांच्या कानावर पडला होता, मित्रांनो. तेवढ्यासाठीच तर मला आणले होते.

चौथ्या वेळी ती बोललीच नाही. नैवाशाहून परत येताना दुपारची वेळ होती, गाडी घाट चढत होती. माझ्या अंगाखालची घरघर आता खडखडाट झाली होती. गाथोनीने पाय उचलून सीटवर घेतले. काकांनी ते पाहिले.

"पाय खाली ठेव," ते मायेने म्हणाले. "असं बसलीस तर पट्टा नीट बसत नाही."

तिने पाय खाली ठेवले.

पुढच्याच वळणावर चाक निसटले. गाडी डाव्या बाजूच्या दगडी कठड्यावर घासत गेली आणि तिचा पत्रा आत घुसला. पत्रा आणि गाथोनीचे पाऊल यांच्यामध्ये मी होतो. मी बोटभर लोकर. आवाज अडवायला शिकलो होतो, लोखंड अडवायला नाही. तो डाग तेव्हाचा.

गाथोनी वाचली. तिचे डावे पाऊल मात्र वाचले नाही, म्हणजे आहे, पण त्यावर भार देता येत नाही.

गाडी ओढून ओवितीकडे आणली. काकांनी घरून सळई आणली होती. डावे तर निखळलेच होते, म्हणून उजवे चाक जॅकवर उचलून त्यांनी सळई कानाला लावली, चाक हाताने फिरवले, बराच वेळ ऐकले. तिथे काहीच बिघडलेले नव्हते. "तिनं तीनदा सांगितलं होतं," ते ओवितीला म्हणाले. महिन्यातून एकदा चाके फिरवून बघायला आपण सांगितले होते, हे ओवितीने उच्चारलेसुद्धा नाही. त्याने चहा मागवला आणि काकांच्या हातातली सळई काढून घेतली.

गाडी मोडीत गेली. मीही गेलो असतो, पण लिमुरूची थंडी कडक आणि घरातली सिमेंटची जमीन दुखऱ्या पायाला सोसेना, म्हणून गाथोनीने माझा तुकडा मागून घेतला. आता तिच्या खुर्चीसमोर मी दारात पसरलेला असतो. समोर चहाचे मळे दिसतात. काका तिच्या शेजारी बाकावर बसतात, कान तिच्या बाजूला करून. घरात रस्त्याचा आवाज नाही, इंजिनाचा नाही. तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

तिने राग धरलेला नाही. मागितले तर ती मीठ देते, विचारले तर तारीख सांगते. पण आपणहून काही सांगायची तिची सवय गेली. कधी कधी तिचा अंगठा माझ्यावर दाबला जातो. गाडीत ती बोलू लागण्यापूर्वी दाबला जायचा तसाच. काका लगेच वाकतात.

"काही म्हणालीस?"

"काही नाही."

ते तसेच वाकून थांबतात. हातातल्या चहावर साय धरते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. शेजारी बसलेले माणूस हळू आवाजात काही सांगू लागले, तर गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि चाक हात लावून बघा. ते पहिल्यांदा सांगेल तेव्हाच बघा.