पाकिटामागचं बारीक अक्षर

मी भिंग बोलतोय. मूठ लाकडी, कड पितळी, एका बाजूला टवका उडालेला. समोर येईल ते मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम. दिसलेल्याचं वाईट वाटून घ्यायची सवय मला कधी लागली नाही.

आधी मी आजोबांकडे होतो. ते माझ्यातून वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान वाचायचे आणि ओळखीचं कुणी नसलं की जरा हिरमुसायचे. पुढे ते स्वतःच त्या पानावर गेले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे संपलेले सेल होते, कुलपं हरवलेल्या किल्ल्या होत्या. आमचं बरं चाललं होतं.

मग त्यांच्या सुनेने मला बाहेर काढलं. ती कपडे शिवून देते. चष्म्याने सुई ओवली जायची, पण पाकिटामागचं अक्षर काही तिच्या हाती लागत नव्हतं. आणि ते वाचणं भाग होतं. तिच्या मुलीचं पोट सतत दुखायचं, अंगावर मांस धरत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, ‘ग्लूटेन चालणार नाही. गहू बंद, जव बंद. कणभरसुद्धा नको, आणि हे जन्मभर.’

तेव्हापासून मी बाजाराला जायला लागलो. गहू कुठे कुठे दडून बसतो ते तिथे कळलं. सूपच्या पाकिटात, सॉसच्या बाटलीत, दुधात घालायच्या पावडरीत. माल्ट म्हणजे जव, हेही तिथेच कळलं. आई पाकीट उचलायची, उलटं करायची, वाचायची, परत फळीवर ठेवायची. मागचे लोक आधी ‘बाई, जरा सरकता का?’ म्हणायचे, नंतर नुसते उसासे टाकायचे. टोपली अर्धीही भरायची नाही.

तांदळाचं पीठ मात्र ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुटं घ्यायची. “पाकिटाचा काय भरवसा? ह्यांना मी लग्न होऊन आल्यापासून ओळखते,” म्हणायची. तिथे मी पिशवीतच असायचो. सुट्या पिठावर वाचण्यासारखं काही नसतं.

महिने गेले, पोट दुखायचं थांबेना. रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पोटात गहू जातोय. कुठून, ते शोधा.”

आईने शोधायला सुरुवात केली ती मुलीच्या दप्तरापासून.

“कॉलेजात मैत्रिणींबरोबर काय खातेस?”

“काही नाही.”

“मग गहू काय वाऱ्यावर उडून येतो? मी डोळ्यांत तेल घालून वाचते आणि तू सगळ्यावर पाणी फिरवतेस.”

“आई, मी नाही खाल्लं.”

आईने मला घेतलं आणि मुलीची नखं तपासली. बिस्किटाचा चुरा सापडतो का, ते बघायला. मुलीने हात पुढे धरले होते, तसेच धरून ठेवले. नखांत काही नव्हतं. मी तसं दाखवलं.

“धुतले असशील,” आई म्हणाली.

त्यानंतर मुलगी नाही म्हणायची थांबली. ताटात येईल ते खायची आणि पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडायची.

पुढे एकदा आई वाण्याकडे नव्या आलेल्या मसाल्याचं पाकीट वाचत उभी होती. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने गव्हाचं पीठ घातलं. मग आईसाठी, त्याच मापाने, तांदळाचं घ्यायला तो वळला.

“नेहमी हेच माप?”

“एकच तर आहे, वहिनी. पुसतो की फडक्याने.”

आईने मला मापाच्या काठाशी धरलं. पिवळसर पीठ चिकटून होतं. ती वर्षानुवर्षं त्या मापासमोर उभी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तिने घरच्या घरी केलं होतं. पीठ न घेता ती निघाली.

घरी मुलगी भांडी पुसत होती.

“दोन्ही पिठांना एकच माप आहे त्याच्याकडे,” आई म्हणाली. “तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं गं.”

“हं,” मुलगी म्हणाली आणि पुढचं भांडं उचललं. आई रडली. मुलगी रडली नाही.

आता घरात बंद पाकिटातलं पीठ येतं. मुलीचे गाल भरलेत. माझ्यावर ओरखडे पडलेत, पण काम चालतं. तुम्हाला एकच विनंती करतो. पाकिटं खुशाल तपासा. पण घरातलं कुणी ‘मी नाही खाल्लं’ म्हणालं, तर मला ड्रॉवरमध्येच राहू द्या.

काल आईने बाजारातून आणलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. “वाचलंय मी सगळं,” म्हणाली.

मुलीने मला उचललं आणि पहिल्या अक्षरापासून स्वतः वाचायला लागली. आई समोर बसून राहिली, दोन्ही हात टेबलावर पुढे ठेवून.