बैलमोडीच्या देवीची पकड

अमृतरावांची प्रवासी मोटार चढाच्या मध्यावर अडकली होती आणि खाली उभी असलेली गर्दी हात जोडून तिच्याकडे बघत होती. इंजिन ऊर फुटेल इतकं ओरडत होतं, पण चाकं जागची हलत नव्हती. मागे घसरू नये म्हणून चाकांना दगड लावलेले होते. मोटारीच्या पोटाखालून निळसर धूर निघत होता आणि कुजकट जळका वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता.

निजामाच्या राजवटीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधीची ही गोष्ट. गुडीहत्नूरहून इचोड्याकडे जाताना सागाच्या जंगलात हा उभा चढ लागायचा. लोक त्याला बैलमोडीचा चढ म्हणत. पायथ्याशी विहीर होती, म्हणून प्रत्येक मोटार इंजिनात पाणी भरायला तिथं थांबे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या विहिरीशेजारी घाटोबा महाराज नावाचा एक इसम येऊन बसला. तो कुठून आला हे कोणी विचारलं नाही. दगडाला शेंदूर फासून त्यानं देवी उभी केली आणि सांगितलं, की माणसाच्या पापानं जड झालेली मोटार देवी चढावर धरून ठेवते. तेव्हापासून खरंच मोटारी अडकू लागल्या.

"वास घ्या, बच्चे लोक," महाराज चढावर येत म्हणाला. "देवीच्या जटा जळून राह्यल्या. लोहे का रथ, उसपर पाप का भार. कोन बसलं हाय आतमंदी, पांढऱ्या पायाचं?"

तो खिडक्यांशी नाक नेऊन एकेका उतारूला हुंगत पुढं सरकला. पुढच्या सीटवर मोटारीचे मालक अमृतराव अंग चोरून बसले होते. त्यांना महाराजानं हुंगलं नाही. मागच्या बाकावर मांडीशी वांग्यांची टोपली धरून सोनाबाई बसली होती. ती गुडीहत्नूरची, विधवा, नदीकाठच्या तुकड्यात भाजी पिकवून इचोड्याच्या बाजारात विकणारी. महाराज तिच्यापाशी येऊन थांबला आणि त्यानं डोळे मिटून मान हलवली.

एवढ्यानं काम झालं. ड्रायव्हर हणमंतरावानं तिला दंडाला धरून उतरवलं आणि टोपली बाहेर फेकली. वांगी उतारावरून गडगडत गेली. ती वेचायला सोनाबाई वाकली, तेव्हा गर्दीतून आलेला दगड तिच्या कपाळावर बसला. मग मोटार हळूहळू मागे घेऊन पायथ्याशी आणली. महाराजाचा चेला दादाजी मंत्र पुटपुटत तिच्याखाली शिरला आणि 'देवीची गाठ' सोडून आला. नारळ फुटले, कोंबडं कापलं गेलं. इतक्या वेळात गार झालेली मोटार सरळ चढ चढून गेली. लोकांनी जयजयकार केला. रस्त्याच्या कडेला पदरानं रक्त पुसत बसलेल्या बाईकडे कोणी पाहिलं नाही.

पुढं सोनाबाईला कोणी मोटारीत घेईना. ती डोक्यावर टोपली घेऊन चालत जाऊ लागली. तिनं शिवलेली भाजी पोटात गेली तर पोट फुगतं, असं महाराजानं सांगून ठेवलं होतं. बाजारात लोक तिच्यापुढून जाताना धोतर सावरून घेत. जिच्या भाजीवर त्यांची पोरं वाढली, तिच्याशी हे लोक असे वागत होते. कपाळावरची जखम चिघळली, तेव्हा ती आदिलाबादला कुमुदिनीबाईंच्या दवाखान्यात आली.

डॉक्टर कुमुदिनीबाई मूळच्या अमरावतीच्या. वडिलांनी त्यांना मोटार चालवायला शिकवलं होतं, आणि आदिलाबादेत दवाखाना थाटल्यावर एक जुनी मोटार घेऊन त्या स्वतः गावोगाव रोगी बघायला जात. बाई मोटार हाकते याची गावात थट्टा होई. थट्टा करणारेच घरात कोणी अडलं की त्यांच्या दाराशी येऊन उभे राहत.

"कुठं पडलात?" जखम धुताना त्यांनी विचारलं.

"पडली नाई, बाई. दगड मारला." सोनाबाईनं सगळं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "राग वेगळाच व्हता त्या म्हाराजाचा. मांगच्या बाजारी म्या त्याले इचारलं व्हतं, तुमची देवी मोटारीच काऊन धरते, बैलगाड्या काऊन नाई धरत? लोकं हासले. थे त्यानं ध्यानात ठेवलं."

कुमुदिनीबाईंचा हात थांबला. "वास कसा येत होता?"

"जुनी चिंधी जळते ना, तसा."

"आणि गाडीखाली कोण कोण जातं?"

"दादाजीच जाते. चढाच्या आंधी चाकं धुते, खाली लिंबू बांधते. गाडी अडकली का मंग गाठ सोडाले पुन्हा थोच."

"धूर, वास, इंजिन ओरडतं आणि चाक फिरत नाही," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "माझ्या गाडीला एकदा असंच झालं होतं. बैल जुंपून ओढत आणावी लागली." त्यांनी पट्टी बांधली. "उद्या इचोड्याचा बाजार ना? माझ्या मोटारीतून चला."

"मले बसवाल तं लोकं तुमालेबी मारतीन."

"बघू."

दुसऱ्या दिवशी गुडीहत्नूरहून त्या दोघी निघाल्या. सोनाबाई पुढच्या सीटवर, टोपली मांडीवर. चढ दिसू लागला तशी कुमुदिनीबाईंनी मोटार थांबवली आणि वाकून डाव्या पायाचं पेडल हातानं दाबून दाखवलं. "हा क्लच. सुरुवातीला बघा, दोन बोटं कसं मोकळं हलतं. मग जड लागतं. ही दोन बोटं लक्षात ठेवा."

पायथ्याशी अमृतरावांची मोटार आधीच येऊन उभी होती आणि बाजारला निघालेले लोक देवीपुढं बसले होते. सोनाबाईला पुढच्या सीटवर बघून सगळे उठले.

"उतारव हिले," महाराज गरजला. "नाई तं देवी रथ भस्म करन."

"चाकं धुवायची तर धुवा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "लिंबू बांधायचं तर बांधा. उतरणार कोणी नाही."

महाराजानं दादाजीकडे पाहिलं. दादाजी तांब्या आणि लिंबू घेऊन मोटारीखाली शिरला. मंत्र चांगलाच मोठ्यानं सुरू झाला, तरी लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज आतपर्यंत आला. तो बाहेर आल्यावर बाईंनी पुन्हा पेडल दाबून पाहिलं. मोकळी चाल अजिबात उरली नव्हती. बोट टेकवताच ते जड लागत होतं. त्यांनी हणमंतरावाला हाक मारली.

"तुम्ही ड्रायव्हर ना? हे दाबून सांगा, कसं लागतं."

हणमंतरावानं नाखुशीनं हात घातला. "मोकळं नाई लागत. आमच्या गाडीचंबी इथं आली का असंच होते."

"मग कधी बोलला नाहीत?"

"म्या समजलो, देवीनं धरलं."

"पेडल देवीनं धरलं, आणि दंडाला धरून तुम्ही उतरवलं ते सोनाबाईंना," बाई म्हणाल्या. हणमंतरावानं पेडलावरचा हात काढून घेतला.

मग त्यांनी सोनाबाईला खाली उतरायला सांगितलं. गर्दीला वाटलं, बाई नमल्या. पण त्यांनी मोटारीचं दार महाराजासाठी उघडलं. "पाप्याला देवी अडवते म्हणता. तुमच्यासारखा माणूस आत बसला तर मोटार वर जायला हवी. बसा."

"आमी साधू लोक पायी फिरतो," महाराज म्हणाला.

पण गर्दीला आता चमत्कार बघायचा होता. "बसा ना, म्हाराज. दाखवा त्या बाईले," असं म्हणत लोकांनीच त्याला आत ढकललं. सपाट रस्त्यावर मोटार नीट चालली. चढ लागताच इंजिन ओरडू लागलं, वेग मंदावला आणि मध्यावर ती थांबली. तोच निळा धूर आला, तोच वास सुटला. महाराज सीटची कड घट्ट धरून बसला होता.

बाईंनी मोटार मागे घेत घेत पायथ्याशी आणली आणि विचारलं, "आता सांगा, आत पापी कोण होतं? सोनाबाई तर खाली उभ्या होत्या."

मग मागून एक आवाज आला, "तुमीच असान पापी."

काहीजण हसले. महाराजानं ते वाक्य लगेच उचललं. "बाईची जात, अन् मोटार हाकते. देवी कशी खपवून घेईन?" गर्दी दोन पावलं पुढं सरकली. कोणी तरी खाली वाकून दगड उचलला. सोनाबाई टोपली ठेवून मोटारीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"ठीक आहे, मी पापी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्या आत शिरल्या नाहीत. "आता हीच मोटार, हीच पापी बाई, शिवाय सोनाबाई, एवढे सगळे घेऊन मी चढ चढून दाखवते. बदल एकच करीन. दादाजी, तुमच्याकडचा पाना द्या."

"कायचा पाना? माह्याजवळ काईच नाई."

अमृतरावांचे टायर, पेट्रोल, कोंबड्या आणि नारळ दोन वर्षं या चढावर खर्ची पडत होते. त्यांनी पुढं होऊन दादाजीच्या कमरेची भगवी गुंडाळी ओढली. पाना खाली दगडावर पडून वाजला. अमृतरावांनी हात उगारला, तेव्हा बाई मध्ये आल्या.

"मारू नका. मारलंत तर लोक ते मारणंच लक्षात ठेवतील. खाली वाकून बघा."

पदर खोचून त्या स्वतः मोटारीखाली शिरल्या. एका बाजूनं अमृतराव आणि दुसऱ्या बाजूनं हणमंतराव धुळीत आडवे झाले. पेडलापासून एक लोखंडी दांडी मागे जात होती आणि तिच्या टोकाला, आट्यांवर, एक नट होता. बाकी सगळं धुळीनं आणि काळ्या वंगणानं माखलेलं, पण त्या नटाच्या कडा ताज्या घासून चकाकत होत्या. बाईंनी तो उलटा फिरवला, सोनाबाईला वरून पेडल दाबून बघायला सांगितलं, परत थोडा फिरवला. दोन बोटं मोकळी चाल आल्यावर त्या बाहेर आल्या. साडी काळी झाली होती.

"सगळ्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा," त्या म्हणाल्या. काहींनी दाबले, काहींनी नुसतेच बघितले. "आता एक हात फिरवा. दुसरा त्याच्याबरोबर ओढला जातो ना? मोटारीत अशाच दोन चकत्या आहेत. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी चाकं फिरवते. पेडल दाबलं की त्या सुट्या होतात, सोडलं की चिकटतात. पेडलाला वर थोडी मोकळी चाल नसेल, तर पाय काढला तरी ते दाबलेलंच राहतं. आता हात सैल धरून जोरात घासा. काय होतं?"

"घसरते," कोणी तरी म्हणालं. "गरम लागते."

"तेच. सपाटीवर सैल पकडही चालून जाते. चढावर भार आला की चकत्या घसरतात, तापतात, त्यांचं अस्तर जळतं. तोच तुमच्या देवीच्या जटांचा वास. हा दादाजी ज्याला अडवायचं त्याचा नट आवळत होता आणि पूजा झाली की सैल करत होता. बैलगाडीला क्लच नसतो, म्हणून देवीनं बैलगाडी कधी धरली नाही."

"नागपूरच्या एका लारीवर क्लीनर व्हता थो," हणमंतराव दादाजीकडे बघत हळूच म्हणाला. "त्यानंच मले सांगतलं व्हतं."

मोटार गार होऊ दिली. मग सोनाबाई पुढं बसली, महाराजाला अमृतरावांनी मागे बसवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसले. मोटार चढाला लागली. मध्य आला आणि गेला. धूर आला नाही, वासही आला नाही, आणि ती माथ्यावर जाऊन उभी राहिली. लोक मागून पळत आले.

"देवी परसन झाली," महाराजानं अजून एकदा प्रयत्न केला. "बाईची परीक्षा घेतली तिनं." या वेळी त्याच्यामागे कोणी काही म्हटलं नाही. हणमंतरावानं नट तपासून अमृतरावांची मोटार दादाजीसकट वर आणली. अमृतरावांनी महाराजालाही तिच्यात घातलं आणि पोलीस चौकीवर नेण्याआधी ते सोनाबाईकडे आले.

"झालं थे झालं, सोनाबाई. आजपासून माह्या गाडीत फुकट बसत जा."

"मी पैसे देऊनच बसत होती, पैसे देऊनच बसन," ती म्हणाली. "माही टोपली फेकली तवा तुमी पुढंच बसून व्हते, अमृतराव. तोंड फिरवून. थो दगड कोनं मारला, थेबी तुमाले ठाव हाय. त्याले चौकीवर नाई नेऊन राह्यले तुमी." ती गर्दीकडे वळली. "अन् तुमी, माही भाजी खाऊन कोनाचं पोट फुगलं, सांगा. एकानं तरी सांगा."

माफी कोणी मागितली नाही. काही लोक गळ्यातले महाराजाचे दोरे चाचपत उभे होते. ते त्यांनी अजून काढले नव्हते.

"पन बाई," एक म्हातारा कुमुदिनीबाईंना म्हणाला, "ह्या गाडीचं समजलं. उद्या दुसरी गाडी अडकली, अन् खाली नट ठीक असला तं? तवा देवीचा कोप म्हनाचा का नाई?"

कुमुदिनीबाईंनी हात पुसले. त्यांना राग आला होता, पण त्यांनी शांतपणे उत्तर दिलं.

"मला सगळ्या मोटारींचं ठाऊक नाही, आजोबा. पण मोटार अडली तर कारण मोटारीत शोधायचं. खाली वाकून बघा. नाही दिसलं तर जाणत्याला बोलवा आणि पुन्हा बघा. कारण सापडायला उशीर होईल, कदाचित तुम्हाला ते कधीच सापडणार नाही. तरीसुद्धा बाईला दगड मारावा असं कारण तिथं निघणार नाही."